एका कुटुंबाची शरदांतील मृगया

पाऊस सरला, वाटा सुकल्या आणि नद्यांना उतार पडला म्हणजे गांवाची वेस ओलांडून बाहेर पडण्याची आपली चाल फार जुनी आहे. पूर्वीं मोहिमेसाठीं वेस ओलांडीत, पुढें आपट्याच्या पानांसाठीं ओलांडूं लागले, आणि आतां तर पानेंहि मंडईंतूनच घरीं येतात. तरीहि दसऱ्याच्या सुमारास हवेंत जो एक हलकेपणा येतो त्यानें मुलांचे पाय घरांत ठरत नाहींत, हें प्रत्येक आईबापास ठाऊक आहे. अमेरिकेंतील लोक या ऋतूस पानगळीच्या नांवानेंच ओळखतात. मक्याचीं कणसें खुडून झालेलीं असतात, झाडें पिवळीं व तांबडीं होतात, बदकांचे थवे उत्तरेकडून दक्षिणेस चाललेले असतात. आणि त्या दिवसांत बापानें मुलास बरोबर घेऊन रानांत जावें, त्याच्या हातांत पहिल्यानें बंदूक द्यावी, अशी तिकडील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. अहिंसेच्या संस्कारांत वाढलेल्या आमच्या वाचकांपैकीं कित्येकांना ही रीत क्रूर वाटेल. आम्हांसहि ती प्रथम तशीच वाटली. परंतु त्या रीतींतून निघालेल्या एका घराण्याचा वृत्तांत वाचल्यापासून आमचें मत पूर्वींइतकें निश्चित राहिलें नाहीं, म्हणून तो येथें सादर करीत आहों.

मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावर, आयोवा संस्थानांत, बर्लिंग्टन नांवाचें शहर आहे. तेथें नदीवरील उंच कड्यावर लिओपोल्ड नांवाचें जर्मन वंशाचें कुटुंब राहत असे. घरचा धंदा लिहिण्याचीं मेजें तयार करण्याचा. कर्ता पुरुष कार्ल लिओपोल्ड. त्याचा थोरला मुलगा आल्डो, जन्म ११ जानेवारी १८८७. पण या कुटुंबाची हकीकत सांगण्यापूर्वीं, त्याच मुलखांत शरद ऋतूंत सहकुटुंब शिकारीस निघणाऱ्या दुसऱ्या लोकांचें स्मरण करणें अवश्य आहे. सॉक व मेस्क्वाकी हे तेथील पूर्वींचे रहिवासी. उन्हाळ्यांत ते नदीकांठच्या मोठ्या गांवांत राहत आणि त्यांच्या बायका मका पिकवीत. पीक हातीं आलें म्हणजे कांहीं मका जमिनींत पुरून ठेवावयाचा, आणि म्हातारीं माणसें, बायका, मुलें असें सारें गांवच्या गांव हिवाळी शिकारीच्या रानांकडे निघावयाचें. तें वसंत ऋतूंत परत यावयाचें. त्यांच्या मुलांना शिकार शिकविण्यासाठीं निराळी सहल काढावी लागत नसे. तीच त्यांची शाळा व तेंच त्यांचें स्वयंपाकघर. १८३२ सालीं ब्लॅक हॉक या त्यांच्या नायकाचा युद्धांत पराभव झाला, आयोवाची पूर्वेकडील पट्टी तहानें गोऱ्यांकडे गेली, आणि पुढल्याच वर्षीं तेथें गोऱ्यांची वसाहत सुरू झाली. त्याच १८३३ सालीं ब्लॅक हॉकनें दुभाष्याकडून लिहवून घेतलेलें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. ज्या कड्यांवर कार्ल लिओपोल्ड आपल्या मुलांना फिरवी ते कडे येणेंप्रमाणें दोन पिढ्यांपूर्वींच रिकामे करून घेतलेले होते. इतिहास लिहिणारानें ही गोष्ट गाळूं नये.

युरोपांत शिकार हा सरदारांचा हक्क. जर्मनींत तर दुसऱ्याच्या शेतांत शिरून शिकार करण्याचा जमीनदाराचा अधिकार १८४८ च्या क्रांतीपर्यंत टिकून होता. तेथून आलेल्या मनुष्यास अमेरिकेंत जो तो बंदूकवाला सरदार झालेला दिसला, आणि याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. १८७१ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांत प्रवासी कबुतरांची वीण सुमारें ८५० चौरस मैल रानावर पसरली होती. तारायंत्रानें वर्दी मिळतांच आगगाडीनें शिकारी येत आणि पिंपेंच्या पिंपें भरून पक्षी शहरांच्या बाजारांत रवाना होत. त्या जातीचा अखेरचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिन्सिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेला. बेकायदा मारलेले पशुपक्षी एका संस्थानांतून दुसऱ्यांत नेण्यास बंदी करणारा मध्यवर्ती कायदा १९०० सालचा, आणि स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचा १९१८ सालचा. म्हणजे चोर गेल्यावर कुलूप, असाच बहुतेक प्रकार.

कार्ल लिओपोल्ड कायद्याची वाट पाहत बसला नाहीं. बदकें कमी होऊं लागलीं असें दिसतांच वसंत ऋतूंतील, म्हणजे विणीच्या तोंडावरची, शिकार त्यानें आपण होऊन सोडली आणि किती पक्षी मारावयाचे याची मर्यादा स्वतःस घालून घेतली. सुटीच्या दिवशीं तो मुलांना घेऊन नदीकांठच्या पाणथळींत जाई. बरोबर बंदूक असे. पण पुष्कळसा वेळ कुजलेलें खोड उलथून त्याच्याखालीं कोण राहतें हें दाखविण्यांत जाई.

आल्डो जाणता होऊं लागल्यावर बापानें त्याला बंदूक दिली आणि एकच अट घातली: तित्तिर मारावयाचा तर उडतां मारावा, झाडावर बसलेला मारूं नये. ही अट ऐकावयास सोपी वाटते. परंतु आल्डोचा कुत्रा तित्तिरांना हुसकून झाडावर बसविण्यांत मोठा पटाईत होता. पक्षी समोर फांदीवर स्थिर बसलेला, बंदूक भरलेली, आजूबाजूस पाहणारें कोणी नाहीं. अशा वेळीं तो खात्रीचा बार सोडावयाचा आणि पक्षी उडाल्यावर बहुधा चुकणारा बार काढावयाचा! दोन हंगाम त्याच्या हातीं पीसहि लागलें नाहीं. दुसऱ्या हंगामाच्या शेवटीं ॲस्पेनच्या झाडींतून जात असतां डाव्या बाजूस एक मोठा तित्तिर फडफडत उठला, झाडांवरून उंच होऊन मागें वळला, आणि बार बसून पिसांच्या व पिवळ्या पानांच्या वर्षावांत खालीं आला. पन्नाशी उलटल्यावर ही हकीकत लिहितांना आल्डो त्या पक्ष्याचें वजन सांगत नाहीं, कीं आपल्या नेमबाजीची बढाई मारीत नाहीं. ज्या शेवाळावर तो पक्षी पडला तेथील तांबड्या फळांच्या व निळ्या फुलांच्या प्रत्येक झुपक्याचा नकाशा आपण आजहि काढूं शकूं, आणि त्या वनस्पतींवरचें आपलें प्रेम बहुधा त्याच क्षणापासूनचें असावें, एवढेंच सांगतो.

त्यानें मारलेल्या पहिल्या बदकाची आठवण अधिक अवघड आहे. सारें तळें गोठलेलें, पाण्याचें एकच भोंक उरलेलें. त्याच्याजवळ गवतांत हा मुलगा सारी दुपार कुडकुडत बसला, आणि सूर्यास्ताच्या वेळीं एकच बदक आलें. बार केव्हां काढला हें त्याला पुढें आठवत नव्हतें. बर्फावर उताण्या पडलेल्या पक्ष्याचे झटकणारे तांबडे पाय आठवत होते, आणि आपणांस झालेला आनंद आठवत होता. हा आनंद त्यानें लपविला नाहीं, कीं त्याबद्दल मागाहून डोळेहि पुसले नाहींत. आम्हांस या प्रांजलपणाचा मोठा आदर वाटतो.

आमच्या स्वतःच्या बालपणांत बंदुकीला जागा नव्हती. गलोल मात्र होती. नवरात्राच्या सुटींत आजोळीं गेलों असतां एका होल्याला आमचा खडा लागला. हातांत घेतला तेव्हां तो पक्षी अजून ऊन होता. मामांनीं पाहिलें, गलोल काढून घेतली, दोन चपराका दिल्या आणि प्रकरण संपलें. पुन्हां आम्ही गलोल हातीं धरली नाहीं. परंतु होला घरटें कोठें बांधतो, काय खातो, हेंहि पुढें तीस वर्षें आम्हांस ठाऊक नव्हतें. मामांचा राग अयोग्य होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्या दोन चपराकांच्या पुढें द्यावयास त्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें, इतकेंच.

तथापि चांगल्या बापाचा मुलगा चुकत नाहीं असें कोणी समजूं नये. येल येथें वनशास्त्राचें शिक्षण पुरें करून आल्डो १९०९ सालीं ॲरिझोनांत सरकारी वनखात्यांत लागला. तेथें एका कड्यावरून त्यानें व सोबत्यांनीं वाढत्या पिलांसह चाललेल्या लांडगीवर गोळ्या झाडल्या. लांडगे कमी झाले कीं हरिणें वाढतील, आणि लांडगे मुळींच उरले नाहींत कीं तो शिकाऱ्याचा स्वर्ग होईल, अशी त्याची तेव्हां समजूत होती. पुढें कित्येक वर्षें त्यानें लांडगे व डोंगरी सिंह यांच्या निर्मूलनाचा जाहीर पुरस्कारहि केला. बापाचा नियम शिकाऱ्यानें स्वतःशीं कसें वागावें याचा होता. रानाचा हिशेब त्यांत नव्हता. मरत्या लांडगीच्या डोळ्यांत विझत जाणारी हिरवी आग त्यानें जवळून पाहिली होती. पण तिच्याविषयीं लिहावयास १९४४ साल उजाडलें.

१९३३ सालीं तो विस्कॉन्सिन विद्यापीठांत वन्यपशूंच्या जोपासनेच्या विषयाचा प्राध्यापक झाला, आणि १९३५ सालीं त्यानें विस्कॉन्सिन नदीच्या कांठीं एक कस गेलेलें, टाकून दिलेलें शेत विकत घेतलें. उभी इमारत एकच, आणि तीहि कोंबड्यांचें खुराडें. तें झाडून पुसून नवराबायको व पांच मुलें यांचें सुटीचें बिऱ्हाड झालें. शरदांत शिकार होई. पण वसंतांत तींच मुलें फावडीं घेऊन पाइनचीं रोपें लावीत. १९३६ च्या अवर्षणांत बहुतेक रोपें जळालीं, तेव्हां पुन्हां लावलीं. वर्षानुवर्षें हजारोंनीं लावलीं. धनुष्यें आल्डो स्वतः तयार करी, आणि त्याची पत्नी एस्टेला हिनें धनुर्विद्येंत आपल्या संस्थानच्या स्त्रियांत अजिंक्यपद मिळविलें होतें. बर्लिंग्टनच्या सहलींत बाप मुलांना दाखवी. येथें सारें घर मिळून खपत असे.

१९३७ च्या अखेरीस आल्डो आपला भाऊ व थोरला मुलगा स्टार्कर यांना घेऊन मेक्सिकोंतील सिएरा माद्रे पर्वतांत शिकारीस गेला. त्या पर्वतांत लांडगे होते, डोंगरी सिंह होते, हरिणेंहि विपुल होतीं, आणि रान मात्र हिरवेंगार होतें. अमेरिकेंत जेथें लांडगे संपविले होते तेथें हरिणांनीं ओरबाडलेलीं रानें त्यानें जागोजाग पाहिलीं होतीं. मुलास शिकवावयास नेलेला बाप स्वतःच शिकून परत आला. हाच स्टार्कर पुढें प्राणिशास्त्रज्ञ झाला, व अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांतील वन्यपशूंच्या व्यवस्थेविषयीं १९६३ सालीं जो अहवाल निघाला त्याच्या समितीचा तो अध्यक्ष होता.

आपल्याकडे याच्याशीं जुळणारी एक गोष्ट आहे. मुंबईचे सलीम अली (१८९६-१९८७) दहा-अकरा वर्षांचे असतां त्यांनीं हवेच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी हे स्वतः शिकारी. त्यांनीं भाच्यास चपराका दिल्या नाहींत. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्या नांवें चिठ्ठी दिली. मिलर्ड यांनीं पक्ष्याची जात सांगितली आणि संग्रहांतील पक्षी त्या पोराला उघडून दाखविले. त्या दुपारीं मिलर्डसाहेब कामांत आहेत असें सांगून कोणी त्याला दारावरूनच परत लाविलें असतें, तर आपल्या देशांतील पक्षिशास्त्राचें काय झालें असतें कोण जाणे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडे हौसेच्या शिकारीची वाट बंद झाली, आणि ती बंद झाली हेंच योग्य. एवढ्या दाट वस्तीच्या देशांत उरलेल्या रानाला बंदुका सोसण्याची ताकद नाहीं. अमेरिकेंत ती वाट उघडी आहे. बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्यपशूंच्या रक्षणासाठीं संस्थानांना देण्याची १९३७ सालची योजनाहि चालू आहे. विस्कॉन्सिनांत तर जाणत्या माणसाच्या सोबतीनें शिकार करणाऱ्या मुलास पूर्वीं दहा वर्षांची अट होती, ती २०१७ सालीं काढूनच टाकली. आम्हांस ही घाई पटत नाहीं. उडत्या पक्ष्याचा नियम समजण्याजोगा मुलगा होईपर्यंत कार्ल लिओपोल्डनें त्याला बंदूक दिली नव्हती.

आल्डो लिओपोल्ड २१ एप्रिल १९४८ रोजीं, शेजाऱ्याच्या शेतांत लागलेली आग विझवीत असतां, हृदयविकारानें वारला. त्याचें पुस्तक पुढल्या वर्षीं निघालें. नदीकांठच्या त्या शेतावर तो वही ठेवीत असे: कोणतें फूल कोणत्या दिवशीं उमललें, कोणता पक्षी केव्हां आला. त्याची मुलगी नीना हिनें पुढें तेथेंच राहून १९७६ पासून तीच नोंद पुन्हां सुरू केली, आणि दोन्ही काळांतील तारखा ताडून १९९९ सालीं तिनें, तिच्या भावानें व इतर अभ्यासकांनीं मिळून निबंध प्रसिद्ध केला. वसंताचीं अनेक चिन्हें बापाच्या वेळेपेक्षां आतां लौकर दिसूं लागलीं आहेत, असें त्यांत दाखविलें आहे.