आवाजामागील वीज

२ ऑगस्ट १९५४ रोजी, ऐन पावसाळ्यात, दमणगंगेच्या काठचे सिल्वासा गाव पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. दादरा त्याआधीच, २१ व २२ जुलैच्या दरम्यान, मुक्त झाले होते आणि २८ जुलैला नरोलीही मोकळी झाली होती. ११ ऑगस्टला कॅप्टन फिदाल्गो शरण आला आणि दादरा-नगर हवेलीचा लढा संपला. या लढ्यात मुक्तिसैनिकांच्या हाती पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच आले. बंदुका आणि ठाणी यांच्या हिशेबात या दोन पेट्यांकडे फारसे कोणाचे लक्ष जाऊ नये, हे साहजिकच होते. परंतु पुढील इतिहासात या दोन पेट्यांनी जे काम केले, ते कित्येक बंदुकांना जमले नसते.

त्या काळी गोव्यात वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि अनेकांनी प्राण गमावले. बाहेर काय घडत आहे हे गोव्यातील माणसाला सरळपणे कळण्याचा मार्ग उरला नव्हता. अशा वेळी या दोन बिनतारी संचांत फेरफार करून त्यांचा एक प्रक्षेपक बनविण्यात आला आणि तो एका ट्रकवर बसविण्यात आला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या अरण्यातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ प्रथम ऐकू आला. कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून हे केंद्र बोलत असे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी जवळजवळ सहा वर्षे अरण्यात राहून, पुढे कॅसलरॉकच्या बाजूला मुक्काम हलवून, हा आवाज चालू ठेवला.

आवाज म्हटला की बोलणारा आठवतो. त्या आवाजाला वीज कोठून मिळाली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. घरोघरच्या संगीतप्रेमींचेही असेच होते. तबकडी अथवा रेडिओ उत्तम ऐकावयाचा म्हणून यंत्रसामग्री घेतलेली असते. काही दिवसांनी ती सुधारावी असे वाटू लागते. हाताशी पैसे मोजकेच असतात. तेव्हा ते प्रिअँप्लिफायरवर खर्च करावेत की पॉवर सप्लायवर, असा पेच पडतो. मन बहुधा पहिल्याकडे धावते. कारण स्वर त्यातून जातो, त्याला कळा असतात, त्याचे नाव घेता येते. दुसरा बिचारा पेटीच्या तळाशी, रोहित्राच्या वजनाखाली, मूकपणे तापत बसलेला असतो.

या दोघांची कामे काय, हे पाहिल्याखेरीज निवड करता येत नाही. तबकडीवर फिरणाऱ्या चुंबकीय सुईच्या टोकाशी निर्माण होणारा विद्युत्दाब अवघा ५ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा हिस्सा असतो. ध्वनिक्षेपकापुढे बोलणाऱ्याच्या वाणीचेही मोल याहून फारसे अधिक नसते. ही क्षीण लाट प्रथम उचलून धरावयाची, तिला शंभर-दोनशे पटींनी वाढवून पुढील बलवान वर्धकाच्या स्वाधीन करावयाची, हे प्रिअँप्लिफायरचे काम. परंतु तो ही वाढ स्वतःच्या पदरची करीत नाही. व्हॉल्व्हच्या जमान्यात त्याच्या तारेला तापविण्यासाठी सहा व्होल्ट आणि पट्टिकेसाठी अडीचशे व्होल्ट अशी शिदोरी लागत असे, आणि ती पॉवर सप्लाय पुरवीत असे. नंतर ट्रान्झिस्टर आले, दाबाचे आकडे खाली आले, तरी हे नाते बदलले नाही. स्वराच्या आकारात कापलेली वीजच अखेर आपल्या कानी येते. मूळ कापडच डागाळलेले असेल, तर शिंप्याच्या कौशल्याने डाग जात नाहीत.

हा डाग कसा पडतो, तेही पाहण्याजोगे आहे. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन पुरे करते. ती एका दिशेने वाहू लागावी म्हणून दुरुस्त करताना बहुतेक संचांत १०० आवर्तनांचा एक तरंग मागे राहतो. तो पुसण्यासाठी कंडेन्सर आणि चोक असतात. कंडेन्सर जुना झाला, वाळला, की तरंग पुसला जात नाही आणि कर्ण्यातून ‘घूं’ असा अखंड नाद उमटू लागतो. हा तरंग प्रिअँप्लिफायरच्या पहिल्याच पायरीत शिरला, तर पुढील प्रत्येक पायरी त्याला स्वरासारखाच मान देऊन मोठा करीत जाते. पाच मिलिव्होल्टच्या स्वराशेजारी अर्धा मिलिव्होल्ट घुमणे बसले, तर गायकाच्या मागे भुंगा बसविल्यासारखे होते. नवा, महागडा प्रिअँप्लिफायर आणून त्याला तीच डागाळलेली वीज दिली, तर तोही अनेकदा भुंगाच मोठा करील.

अरण्यातील प्रक्षेपकाला तर हा नियम अधिकच कठोरपणे लागू होतो. जेथे विजेची तार पोचत नाही, तेथे संचाला आपली वीज बरोबर घेऊनच फिरावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील गाड्यांवरील बिनतारी संचांत बॅटरीच्या सहा किंवा बारा व्होल्टांवरून शेकडो व्होल्ट निर्माण करण्यासाठी फिरते परिवर्तक किंवा थरथरणारे व्हायब्रेटर वापरले जात. बॅटरी उतरू लागली की प्रक्षेपणाची शक्ती उतरते. सीमेपलीकडे दार लावून, हलक्या आवाजात रेडिओला कान लावून बसलेल्या श्रोत्याला मग शब्द अर्धवट ऐकू येतात. वक्त्याची भाषा कितीही तेजस्वी असो, पुरवठा कोसळला की तो मुका होतो. गोव्यातील श्रोता तो आवाज ऐकताना स्वतःला धोक्यात घालीत होता. त्याच्यापर्यंत शब्द अखंड पोचविणे हे म्हणूनच केवळ तंत्राचे काम नव्हते, ते वचनपालन होते.

लढ्याच्या बाबतीतही पुरवठ्याचा विचार असाच महत्त्वाचा ठरला. सिल्वासा मुक्त करण्यासाठी शस्त्रे हवी होती आणि शस्त्रांसाठी पैसा. या लढ्यात सहभागी झालेले संगीतकार सुधीर फडके यांनी पुढाकार घेतला आणि १९५४ मध्ये पुण्यात लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम या निधीसाठी झाला. एरवी वीज स्वराला बळ देते. येथे स्वरानेच लढ्याला रसद पुरविली.

तर मग घरच्या संगीतप्रेमीने काय करावे? प्रत्येक वेळी पॉवर सप्लायच बदलावा, असा याचा अर्थ नाही. आधी दोष कोठे आहे तो ऐकावा. आवाजाची कळ शून्यावर आणली तरी घुमणे कायम राहिले, तर दोष कळीच्या पुढील भागात, म्हणजे मुख्य वर्धकात अथवा पुरवठ्यात असण्याचा संभव अधिक. कळ उतरविताच घुमणे मावळले, तर ते आधीच्या पायऱ्यांतून, जोडतारेतून किंवा अर्थिंगच्या सदोष जोडणीतून येत असावे. तबल्याची जोरकस थाप पडताच सारा स्वर दबून जात असेल, तर पुरवठ्याची ताकद तपासून घ्यावी. उलट घुमणे मुळीच नाही, पण ‘स्स्’ असा फुत्कार सतत ऐकू येतो, किंवा मंद आवाजातही ‘स’ आणि ‘श’ फाटतात, तर सुई, तबकडी आणि जोडणी पारखून मग प्रिअँप्लिफायरचा विचार करणे रास्त ठरेल. पुष्कळदा काही रुपयांचे कंडेन्सर बदलल्याने जे साधते, ते हजारो रुपयांच्या नव्या पेटीने साधत नाही. मात्र वीज बंद केल्यावरही कंडेन्सरात प्राणघातक दाब काही काळ टिकून राहतो. म्हणून पेटी उघडण्याचे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या दिवशी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो भारतीय हवाई दलाच्या विमानात बसले आणि विमानावर बसविलेल्या ध्वनिवर्धकातून त्यांनी गोव्याच्या आकाशातून स्वातंत्र्याची वार्ता खाली ऐकविली. पुढे १९६४ मध्ये, त्याच तारखेला, ते विवाहबद्ध झाले. २०२५ मध्ये लिबिया लोबो सरदेसाई यांना, वयाची शंभरी ओलांडल्यावर, ‘पद्मश्री’ जाहीर झाली. त्या आवाजाचा गौरव झाला, हे योग्यच झाले. पण दादरा-नगर हवेलीत हाती आलेले ते दोन संच ज्यांनी उलगडले, जुळविले आणि चालते ठेवले, त्या हातांचा आवाज कोणत्याही प्रक्षेपणात ऐकू आला नाही. ते हात आपले काम नीट करीत होते, म्हणूनच श्रोत्याला फक्त शब्द ऐकू आले.