आचार्य अत्रे आणि पंडित नेहरू : एका विश्वासभंगाचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना :
सत्तारूढ नेत्यावरील पत्रकाराचा विश्वास उडणे ही केवळ व्यक्तिगत घटना नसते. तीत त्या काळाचे लोकमानस प्रकट होते, असे सामान्यतः मानले जाते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य प्र. के. अत्रे यांनी पंतप्रधान नेहरूंविरुद्ध केलेले लेखन हे याचे ठळक उदाहरण होय. परंतु हे लोकमानस नेमके कोणाचे, हा प्रश्न विदर्भातील अभ्यासकाला टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

विश्वासभंगाची कारणमीमांसा :
अत्रे मूळचे काँग्रेसच्या विचारांचे. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषेच्या तत्त्वावर उभारल्या. तेच तत्त्व १९४९ मध्ये नेहरू, वल्लभभाई पटेल व पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीने लांबणीवर टाकले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटन येथे गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी अनेक भाषिक राज्ये अस्तित्वात आली. मराठी व गुजराती भाषकांच्या वाट्याला मात्र द्वैभाषिक आले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, अत्र्यांनी दैनिक 'मराठा' सुरू केले. नेहरूंनी स्वपक्षाचेच वचन मोडले, ही या लेखनामागील मूळ वेदना होती.

विदर्भाचे वेगळेपण :
मालेगावसह आजचा वाशीम जिल्हा त्या वेळी अकोला जिल्ह्यात समाविष्ट होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली होती. ज्या नागपूर अधिवेशनाच्या वचनाचा आधार घेतला जाई, त्याच रचनेत वऱ्हाडची प्रांतिक समिती महाराष्ट्राहून निराळी होती, ही बाब येथे लक्षणीय ठरते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीला भरघोस यश दिले. विदर्भ मात्र बहुतांशी काँग्रेससोबतच राहिला. याचा अर्थ विदर्भात संयुक्त महाराष्ट्राचे पुरस्कर्ते नव्हते, असा नव्हे. नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात या मागणीचा ठराव झालाच होता. तथापि, मुंबईच्या दैनिकातील संताप हा सर्व मराठी भाषकांचा एकमुखी संताप होता, असे या निकालावरून म्हणता येत नाही.

अविश्वासाची मर्यादा :
१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. २७ मे १९६४ रोजी नेहरूंचे निधन झाल्यावर त्याच अत्र्यांनी 'मराठा'तून त्यांच्यावर लेखमाला लिहिली. ती पुढे 'सूर्यास्त' या नावाने ग्रंथरूप झाली. शोकप्रसंगी औदार्य येते, हे खरे. परंतु केवळ औदार्यातून एवढी लेखमाला सिद्ध होत नाही. अत्र्यांचा विश्वास एका निर्णयापुरता ढळला होता. नेहरूंच्या राष्ट्रकार्यावरील श्रद्धा टिकून होती. किंबहुना ती श्रद्धा होती, म्हणूनच प्रहार इतका तीव्र झाला.

समारोप :
संपादकाचा अग्रलेख हे इतिहासाचे मोलाचे साधन आहे. परंतु तो संपूर्ण समाजाचा जबाब नव्हे. अत्र्यांचा विश्वासभंग प्रामाणिक होता, त्याचे कारण न्याय्य होते आणि तरीही तो सर्वांचा नव्हता. या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्याशिवाय संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास पूर्ण होणार नाही.