फ्रेंच हॉर्न : चुकलेला सूर लपत नाही असं वाद्य

हॉर्न म्हटलं की आपल्याकडे आधी एसटी आठवते, नाहीतर ट्रकच्या मागची पाटी. पण पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात याच नावाचं एक वाद्य आहे. गोल गुंडाळलेली पितळी नळी, मागच्या बाजूला उघडणारा मोठा कर्णा आणि त्या कर्ण्यात घातलेला वादकाचा उजवा हात. हे फ्रेंच हॉर्न. आवाज मऊ आणि भरदार, पण वाजवायला फार अवघड. पट्टीचे वादकसुद्धा यावर भर मैफलीत चुकतात आणि ती चूक शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. असं का होतं आणि तरीही माणसं आयुष्यभर हेच वाद्य का धरून बसतात, ते पाहू.

नाव फ्रेंच, घडण जर्मन

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये घोड्यावरून शिकार करताना खांद्यात अडकवता येईल असं गोल शिंग वापरलं जायचं. जंगलात पांगलेल्या माणसांना त्यावरून इशारे दिले जात. १६८० च्या सुमारास बोहेमियाचे सरदार श्पोर्क यांना पॅरिसमध्ये हे वाद्य आवडलं. त्यांनी आपल्या दोन सेवकांना ते शिकायला लावलं. तिथून बोहेमिया आणि जर्मन मुलखात हॉर्नवादकांची मोठी परंपरा उभी राहिली. आजचं वाद्य घडवण्यात जर्मन कारागिरांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे इंटरनॅशनल हॉर्न सोसायटीने १९७१ मध्ये ‘फ्रेंच’ शब्द गाळून नुसतं ‘हॉर्न’ म्हणावं अशी शिफारस केली. लोकांच्या तोंडी मात्र जुनंच नाव राहिलं.

आवाज येतो कुठून?

सनईला पत्ती असते. हॉर्नला पत्ती नसते, वादकाचे ओठच थरथरतात. म्हणजे तत्त्व आपल्या तुतारीचं आणि शिंगाचंच. नळी लांब असली आणि ओठ तयार असले की सूर निघतो. याचा मजेशीर पुरावा १९५६ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मिळाला. होफ्नुंग संगीत महोत्सवात डेनिस ब्रेन या नामांकित वादकाने चक्क बागेला पाणी घालायच्या नळीवर लिओपोल्ड मोत्सार्टची रचना वाजवली.

नुसत्या नळीतून हवे ते सगळे सूर मात्र निघत नाहीत. तंबोऱ्याची तार छेडली की त्यात स्वयंभू गंधार ऐकू येतो, तसेच प्रत्येक नळीचे ठरलेले स्वयंभू सूर असतात. बिगुलाचं उदाहरण घ्या. त्यावरच्या नेहमीच्या इशाऱ्यांत खालून वर सा, प, सा, ग, प एवढेच सूर येतात. जुन्या हॉर्नचंही तसंच होतं. फक्त नळी लांब असल्यामुळे वरच्या भागात आणखी सूर मिळायचे.

सूर का घसरतो?

खरी गोम इथे आहे. नेहमीच्या ट्रम्पेटची नळी साधारण दीड मीटर, तर एफ हॉर्नची सुमारे ३.७ मीटर, म्हणजे जवळपास १२ फूट. नळी जितकी लांब, तितके तिचे स्वयंभू सूर वरच्या पट्टीत एकमेकांना चिकटून येतात. हॉर्नची बरीचशी कामगिरी याच वरच्या भागात असते. तिथे शेजारचा सूर एका पायरीवर असतो. ओठांचा ताण किंचित कमी-जास्त झाला की भलताच सूर लागतो किंवा सूर फुटतो. सूर लागण्याआधी तो मनात ऐकावा लागतो, हा प्रत्येक शिक्षकाचा पहिला धडा. शिडीच्या पायऱ्या अगदी जवळजवळ असाव्यात आणि डोळे मिटून नेमक्या पायरीवर पाय ठेवायचा असावा, तसं हे काम.

आधी हात, मग व्हॉल्व्ह

मधले सूर मिळवण्याची युक्ती अठराव्या शतकाच्या मध्याला ड्रेस्डेनच्या हाम्पेल या वादकाने रूढ केली. कर्ण्यात हात घालून तो कमी-जास्त बंद केला की सूर बदलतो. पुढे १८१४ ते १८१८ च्या दरम्यान ष्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी व्हॉल्व्ह आणला. बोटाने कळ दाबली की हवा जादा नळीतून फिरते, लांबी बदलते आणि नवे सूर मिळतात. उजवा हात आधीच कर्ण्यात गुंतलेला, म्हणून कळा डाव्या हाताकडे आल्या. व्हॉल्व्ह आले तरी उजवा हात तिथेच राहिला. सूर जुळवायला आणि आवाजाला मऊपणा द्यायला तो अजून लागतो.

सगळ्यांना हा बदल आवडला नाही. ब्राम्सने १८६५ मध्ये, आई गेल्यानंतर, हॉर्न, व्हायोलिन आणि पियानोसाठी रचना केली. ती त्याने मुद्दाम बिनव्हॉल्व्हच्या जुन्या हॉर्नसाठी लिहिली.

वाद्य निवडताना

आज ऑर्केस्ट्रात प्रामुख्याने डबल हॉर्न दिसतो. १८९७ च्या सुमारास जर्मनीत एर्फुर्टच्या क्रुस्पे यांच्याकडे तो तयार झाला. यात दोन वाद्यं एकत्र असतात : १२ फुटांची एफ नळी आणि सुमारे ९ फुटांची बी-फ्लॅट नळी. अंगठ्याने कळ दाबून एकीवरून दुसरीवर जाता येतं. लांब नळीचा आवाज गडद, आखूड नळीवर उंच सूर जास्त खात्रीचे. उंच सुरांचं काम जास्त असेल तर काही जण तिसरी नळी असलेला ट्रिपल हॉर्न घेतात. तो जड आणि महाग पडतो.

घराण्यांचे वाद इथेही आहेत. जर्मनीत माइन्त्सच्या अलेक्झांडर कंपनीचं १०३ मॉडेल प्रसिद्ध आहे. अमेरिकेत कॉन ८डी हे जर्मन सिल्व्हरचं, रुंद घडणीचं हॉर्न पिढ्यान्‌पिढ्या वाजलं. व्हिएन्नाच्या ऑर्केस्ट्रात अजूनही जुन्या पद्धतीचं, एकाच एफ नळीचं व्हिएन्ना हॉर्न वाजतं. त्याचा आवाज वेगळा आणि चुकण्याचा धोका जास्त. तरी त्यांनी ते सोडलेलं नाही.

कोणासाठी काय लिहिलं?

हॉर्नच्या बऱ्याच चांगल्या रचना विशिष्ट वादकासाठी लिहिल्या गेल्या. मोत्सार्टने आपला जुना मित्र लॉइटगेप याच्यासाठी कॉन्चेर्टो लिहिले आणि हस्तलिखितात त्याची यथेच्छ टिंगल केली. रिशार्ड स्ट्राउसचे वडील फ्रान्त्स म्युनिकच्या ऑर्केस्ट्रात मुख्य हॉर्नवादक होते. मुलाने पहिला हॉर्न कॉन्चेर्टो विशीच्या आत लिहिला आणि दुसरा थेट १९४२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी.

बेथोव्हेनच्या ‘एरोइका’ सिम्फनीत एका ठिकाणी हॉर्न जणू वेळेआधीच सुरू होतो. पहिल्या तालमीत वादक चुकला असं समजून रीस हा शिष्य तसं बोलून गेला आणि गुरूच्या थपडेतून थोडक्यात वाचला. ती चूक नव्हती, बेथोव्हेनने तसंच लिहिलं होतं.

डेनिस ब्रेन : ३६ वर्षांचं आयुष्य

विसाव्या शतकात हॉर्न हे एकट्याने मैफल गाजवण्याचं वाद्य आहे, हे लोकांना पटवलं ते डेनिस ब्रेनने. आजोबा, काका, वडील सगळे हॉर्नवादक. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलाच्या बँडमध्ये होता. ब्रिटनने त्याच्यासाठी १९४३ मध्ये ‘सेरेनेड’ लिहिलं. त्याची सुरुवात आणि शेवट फक्त स्वयंभू सुरांवर आहे, त्यामुळे काही सूर कानाला बेसूर वाटतात. ते तसेच अपेक्षित आहेत. १९५३ मध्ये कारायानसोबत केलेलं मोत्सार्टच्या चार कॉन्चेर्टोंचं ध्वनिमुद्रण आजही विद्यार्थ्यांना ऐकायला सांगतात.

ब्रेनला वेगवान गाड्यांचं भारी वेड. एडिनबरोतला कार्यक्रम आटोपून तो रातोरात गाडी चालवत लंडनकडे निघाला. १ सप्टेंबर १९५७ रोजी घराजवळ येता येता हॅटफील्ड इथे गाडी झाडावर आदळली. तो जागीच गेला, वय ३६. त्याच वर्षी पुलांकने त्याच्या स्मरणार्थ ‘एलेजी’ लिहिली. अपघातात चेपलेलं हॉर्न कारागिरांनी दुरुस्त केलं आणि ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकच्या संग्रहात ठेवलं गेलं.

चौघांचं बिऱ्हाड

ऑर्केस्ट्रात साधारणपणे चार हॉर्न असतात. पहिला आणि तिसरा उंच सूर सांभाळतात, दुसरा आणि चौथा खालचे. पहिल्याच्या ओठांना विसावा मिळावा म्हणून अनेक ठिकाणी पाचवा माणूस बसतो. मोठी सोलो येण्याआधी सोपा भाग तो वाजवतो, कारण थकलेले ओठ ऐन वेळी दगा देतात.

बायकांना या रांगेत जागा मिळायला बराच काळ गेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने १९८५ मध्ये ज्यूली लँड्समन यांना मुख्य हॉर्नवादक निवडलं, तेव्हा निवड पडद्याआड झाली होती. परीक्षकांना दिसत काही नव्हतं, फक्त सूर ऐकू येत होते. बर्लिन फिलहार्मोनिकच्या पितळी वाद्यांच्या विभागात पहिली स्त्री आली ती २००१ मध्ये, सारा विलिस. आणि जर्मनीच्या फेलिक्स क्लीझर यांना जन्मापासून हात नाहीत. डाव्या पायाच्या बोटांनी कळा दाबून ते जगभर सोलो वाजवतात.

आपल्याकडे

गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा त्यांनी उभा केला. त्यांत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांचा भरणा मोठा. आज प्रत्यक्ष हॉर्न ऐकायचं तर मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे.

बेळगावकरांना मात्र या कुळातलं एक वाद्य रोजच्या ओळखीचं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातला बिगुल पाहा. युरोपात हलक्या पायदळाने शिकाऱ्यांचं शिंग इशाऱ्यांसाठी घेतलं आणि तेच पुढे लाइट इन्फंट्रीची खूण झालं. म्हणजे फ्रेंच हॉर्न आणि कॅम्पातला बिगुल दोघंही शिकारीच्या शिंगाचेच वारस. एक रणांगणावर गेला, दुसरा सभागृहात.

ऐकायला सुरुवात कुठून करावी? आधी मोत्सार्टचा चौथा कॉन्चेर्टो, मग चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिम्फनीचा दुसरा भाग, त्यानंतर ब्रिटनचं ‘सेरेनेड’. प्रत्यक्ष कार्यक्रमात एखादा सूर फुटलाच, तर १२ फुटांची नळी आणि दोन ओठ आठवावेत. बाकीचे सगळे सूर बरोबर लागले, हे त्यातलं खरं नवल.