दुःख आणि दुखणे

आपल्या मराठी भाषेत 'दुःख' आणि 'दुखणे' हे शब्द एकाच घरातले आहेत; तरी व्यवहारात आपण त्यांची गल्लत सहसा करीत नाही. दुखणे वैद्याला दाखवावयाचे आणि दुःख आपल्या माणसाला सांगावयाचे, अशी जुनी वाटणी आहे. ही वाटणी आता मोडू लागली आहे. ती कशी मोडत गेली, याचा इतिहास आज आपणांपुढे थोडक्यात मांडावा असा माझा विचार आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका रजेच्या अर्जामुळे. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका वयस्क कारकुनाची पत्नी वारली. तेराव्यानंतर गृहस्थ कामावर आले; पण आकड्यांवर नजर ठरेना. त्यांनी महिनाभराची रजा मागितली आणि 'पत्नीच्या निधनामुळे मन थाऱ्यावर नाही' असे सरळ कारण लिहिले. वरून शेरा आला, 'वैद्यकीय प्रमाणपत्र जोडल्यास विचार करता येईल.' चार दिवसांनी प्रमाणपत्र आले. त्यावर एका मनोविकाराचे भारदस्त नाव होते. रजा मंजूर झाली. त्या कागदावर सही माझीच होती. निरोप घेताना ते हळूच म्हणाले, "साहेब, मी खरंच आजारी आहे का हो?" मला उत्तर देता आले नाही.

पुढे वाचन करताना ध्यानात आले की हा प्रश्न फार जुना आहे. 1688 साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर नावाच्या एकोणीस वर्षांच्या वैद्यक-विद्यार्थ्याने एक प्रबंध सादर केला. विषय होता घरची ओढ. घरी परतणे आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने या ओढीला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले, आणि माणसाची एक साधी भावना रोगांच्या यादीत जाऊन बसली. त्याने दिलेले एक उदाहरण मोठे बोलके आहे. बर्नहून बाझेलला शिकावयास आलेला एक तरुण तापाने आणि खिन्नतेने इतका खंगला की लोकांनी त्याची आशा सोडली. अखेर एका औषधविक्याने ओळखले की याला घरची आठवण येते आहे. घरी नेण्याची तयारी चालली आहे हे कळताच रोग्याला हुशारी आली, आणि बर्नला पोहोचण्यापूर्वी, वाटेतच, तो बरा झाला!

त्या काळी स्विस तरुण परदेशी राजांच्या सैन्यात पगारी शिपाई म्हणून जात. त्यांच्यात हा 'रोग' बळावला. अठराव्या शतकाच्या आरंभी झुरिकच्या शॉइख्त्सर नामक विद्वानाने त्याची उपपत्ती हवेच्या दाबात शोधली. डोंगरातला माणूस सखल प्रदेशात आला की तिथल्या जड हवेने त्याच्या शरीरातील वाहिन्या दाबल्या जातात, असे त्याचे म्हणणे. आज आपल्याला हसू येते. परंतु 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेव्हाही उत्तरेकडील सैन्याच्या डॉक्टरांनी या रोगाचे पाच हजारांहून अधिक रोगी आपल्या दप्तरात नोंदविले होते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. घरी जावेसे वाटते म्हणून कोणताही सेनापती शिपायाला रजा देत नसे. डॉक्टरने रोगाचे नाव लिहिले म्हणजे त्याला घराची वाट कधीकधी मोकळी होई. म्हणजे रोगाचे नाव ही निष्ठुर व्यवस्थेतून निसटण्याची एक फट होती. आमच्या कारकुनानेही तीच वापरली. पण या फटीची किंमत असते. शिपाई आजारी ठरला की त्याला कोवळ्या वयात परमुलखात कोणी आणि का धाडले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

या किमतीचे सर्वांत विदारक उदाहरण 1851 सालचे आहे. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टराने असे प्रतिपादन केले की गुलाम पळून जातात ते एका मानसिक रोगामुळे. त्याने या रोगाला 'ड्रॅपेटोमेनिया' असे नाव दिले आणि प्रतिबंधक उपाय म्हणून चाबूकही सुचविला. स्वातंत्र्याची ओढ हा रोग ठरला, आणि मालक मात्र निर्दोष सुटला.

पुढे 1869 साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड यांनी धकाधकीच्या जीवनातील थकव्याला 'न्यूरस्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचा क्षीणपणा, हे नाव रूढ केले. विसाव्या शतकात गोळ्या आल्या. 1955 साली अमेरिकेत 'मिलटाउन' हे चित्त शांत करणारे औषध बाजारात आले आणि बघता बघता घरोघर पोहोचले. 1963 साली 'व्हॅलियम' आले. त्याचा खप तर त्याहूनही मोठा. ही सवय लावणारी औषधे आहेत हे पुरतेपणी उमगावयास बराच काळ जावा लागला.

मात्र खरी कसोटी लागली ती शोकाच्या बाबतीत. शोकाने माणूस कितीही पालटला तरी तो रोग मानून त्यावर इलाज करण्याचे आपल्या मनात येत नाही, असे फ्रॉइड यांनी 1917 साली लिहिले होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली आपली निदानसंहिता नव्याने रचली, तेव्हा लक्षणे मोजून रोग ठरविण्याची पद्धत आली. तरी आप्तमृत्यूचा शोक त्यातून वगळला होता. 1994 साली या सवलतीला दोन महिन्यांची मुदत लागली. 2013 साली ती सवलतच काढून टाकण्यात आली. आधीच्या संहितेचे प्रमुख ॲलन फ्रान्सिस यांनीच त्याला जाहीर विरोध केला. 2022 साली त्याच संहितेत दीर्घकाळ टिकणारा शोक हा स्वतंत्र विकार म्हणून आला. त्याची मर्यादा, प्रौढांसाठी, एक वर्ष.

बदल करणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. नोकरी गेलेल्या वा संसार मोडलेल्या माणसाला ही सवलत नव्हती, मग शोकालाच का, असा त्यांचा प्रश्न होता. आणि शोकाच्या आडोशाने खरा घातक विषाद नजरेआड राहू नये, ही त्यांची चिंता होती. आपल्या देशात तर ही चिंता अधिकच खरी आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की मनोविकार असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ज्याची झोप, अन्न आणि जगण्याची इच्छाच उडाली आहे, त्याला 'मन घट्ट कर' असे सांगणे हे क्रौर्य होय. त्याला डॉक्टरकडे नेलेच पाहिजे.

जुन्या रूढींचे गोडवे गावेत असेही मला म्हणावयाचे नाही. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध यांनी शोकाला एक कालमान दिले, सोबत दिली, हे खरे. पण त्याच समाजाने विधवेचे केशवपनही केले. माझे म्हणणे एवढेच की दुःखाला कारण असते, आणि रोगाचे नाव देताना ते कारण पुसले जाता कामा नये. कर्जाने गांजलेल्याची झोप उडते तेव्हा गोळीने झोप येईल. कर्ज फिटणार नाही.

महाराष्ट्रापासून दूर, दिल्लीत वा कलकत्त्यात, भोपाळात वा हैदराबादेत हे भाषण ऐकणाऱ्या श्रोत्यांना घरची ओढ काय असते हे मी सांगावयास नको. सासरी नांदणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांनी ती जात्यावरच्या ओव्यांत गायिली. होफर त्यांना भेटता तर त्याने त्या सगळ्यांना रोगी ठरविले असते! आणि कदाचित त्यामुळे चार दिवस माहेरी जावयासही मिळाले असते.

त्या कारकुनाला आज मी उत्तर देऊ शकेन असे वाटते. "नाही, तुम्ही आजारी नाही, तुम्ही दुःखी आहात. दुःख पेलेनासे झाले तर डॉक्टरकडे जाऊ, मी सोबत येईन. पण रजा मिळावयास तुमचे पहिले कारण पुरेसे होते." मात्र असे बोलावयाचे तर माझ्यासारख्याने आधी तो शेरा परत धाडावयास हवा होता. रजेच्या नमुन्यात 'आजार' या रकान्याशेजारी 'शोक' असा रकाना असावा, इतकी सुधारणा तर आम्हां कारभाऱ्यांच्या हातची आहे. तिला कोणतेही औषध लागत नाही.