प्लेटलेटची पिशवी पाचच दिवसांची का?

मनमाडला पाणी साठवून ठेवल्याशिवाय भागत नाही आणि साठवलेल्या पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो. घरात कुणाला डेंग्यू झाला की पहिला प्रश्न ठरलेला: "प्लेटलेट किती?" प्लेटलेटच्या पिशवीची मुदत असते पाच दिवस. तुम्हाला वाटेल, पुढे पेशी मरत असतील. इतिहास वेगळं सांगतो.

पूर्वी प्लेटलेट थंड, 4 अंशांवर ठेवत. 1969 मध्ये फिलाडेल्फियाच्या मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं, की 22 अंशांवर ठेवलेल्या प्लेटलेट रुग्णाच्या शरीरात जास्त टिकतात. पद्धतच बदलली. पण त्या उबेत जिवाणूही वाढतात! अमेरिकेने 1984 मध्ये मुदत सात दिवसांची केली, आणि जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे 1986 मध्ये परत पाचवर आणली.

मग पाच दिवसांच्या आतली जुनी पिशवी कमी कामाची का? अमेरिकेतल्या 'प्लाडो' चाचणीच्या 2012 मधल्या विश्लेषणात उत्तर मिळालं. रुग्ण मुख्यतः रक्ताच्या कर्करोगाचे होते. ताज्या प्लेटलेटने संख्या जास्त वाढली, पण रक्तस्रावात फरक दिसला नाही.

म्हणून प्रस्ताव लिहिताना आधी ठरवा: 'परिणाम' म्हणजे नेमकं काय मोजणार? रिपोर्टमधला आकडा, की थांबलेलं रक्त? उत्तर त्यावरच बदलतं.