स्वमग्नता : व्यवसायोपचार व भौतिकोपचार

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांना रोजची कामे, खेळ आणि हालचाल जमावी यासाठीचे पुनर्वसन-उपचार. पालकांत ‘ओटी’ व ‘फिजिओ’ ही नावे रूढ आहेत. व्यवसायोपचारात कपडे घालणे, दात घासणे, जेवण, शौच, लेखन आणि आवाज, स्पर्श वा प्रकाश यांना मिळणारा अतितीव्र किंवा मंद प्रतिसाद यांकडे लक्ष दिले जाते. भौतिकोपचारात तोल, चवड्यांवर चालण्याची सवय, सैल स्नायू व दोन्ही हातांचा मेळ यांकडे. या उपचारांनी स्वमग्नता नाहीशी होत नाही. मुलाला रोजच्या जगण्यात काय करता येऊ लागले, हीच त्यांची खरी कसोटी होय.

इतिहास : भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले.

पुरावा : अमेरिकेत अकरा हजारांहून अधिक स्वमग्न मुलांच्या पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीनुसार (२०२०) सुमारे ८७ टक्के मुलांत हालचालींच्या अडचणींचा धोका दिसला, भौतिकोपचार मात्र जेमतेम एक-तृतीयांश मुलांना मिळत होता. व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स यांच्या ‘सेन्सरी इंटिग्रेशन’ पद्धतीवर (झोके, स्पर्श अशा खेळांतून संवेदनांचा मेळ साधणे) मतभेद आहेत. तिच्या ३२ मुलांच्या अमेरिकी चाचणीत (२०१४) प्रत्येक मुलासाठी ठरवलेली उद्दिष्टे नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक साधली गेली. ब्रिटनमधील १३८ मुलांच्या चाचणीत (२०२२) चिडचिडीत लक्षणीय फरक पडला नाही. पालकांच्या मते ठरवलेल्या कामांत प्रगती झाली, पण ही नोंद उपचारगटापुरतीच असल्याने ती जपून वाचावी लागते. पद्धत निरुपयोगी आहे, असा अर्थ काहींनी यातून काढला. तो घाईचा वाटतो. झोक्यावर बसवल्याने स्वभाव बदलावा ही अपेक्षाच गैर आहे. शर्टाचे बटण लावता यावे ही अपेक्षा मोजता येते आणि पुरीही होऊ शकते. उपचार मुलाला ‘इतरांसारखे’ बनवू पाहतात, हा आक्षेप हात फडफडवणे थांबवण्यासारख्या उद्दिष्टांना लागू पडतो. स्वतःच्या हाताने जेवण्याच्या उद्दिष्टाला तो लागू पडत नाही.

कोल्हापूर : जिल्ह्यातील पुनर्वसनकार्याचा ठळक प्रवाह शारीरिक अपंगत्वाभोवती वाढला; समाजसेविका नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. स्वमग्नतेला कायद्यात स्थान नंतर, राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्थान मिळाले. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतील एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्यात थेरपीचाही समावेश आहे. विम्याने फी भागली तरी अंतर मिटत नाही : चंदगड वा शाहूवाडी तालुक्यातून आठवड्यातून दोनदा कोल्हापूर शहरात येणे म्हणजे पालकांचा रोजगार बुडणे. त्यामुळे केंद्रात शिकवलेले घरी उतरवण्यावर भर हवा. कणीक मळणे, तांब्याने पाणी ओतणे, बांधावरून तोल सांभाळत चालणे यांतून तेच सराव साधता येतात. अप्रशिक्षित पालकांना हे झेपेल का, ही शंका रास्त आहे. गोवा व रावळपिंडी येथील ६५ मुलांच्या चाचणीत (२०१६) तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवले आणि पालक-मूल संवाद सुधारला. चाचणी संवादाविषयी होती, हालचालींविषयी नाही; तरी पालक शिकू शकतात एवढे तिने दाखवले. मात्र उद्दिष्टे ठरवणे आणि वेळोवेळी तपासणे हे उपचारतज्ज्ञाचेच काम राहते. सगळा भार आईवर टाकणे हा त्याला पर्याय नव्हे.

प्रौढावस्था : अभ्यास तुरळक.