नोंदवहीतला पत्ता आणि हापशाचा दांडा

आपल्या बचत गटाच्या नोंदी आता संगणकात जातात. बचत, कर्ज, परतफेड, सगळं. त्यांचा अहवाल तयार होतो, कधी गावांचा रंगीत नकाशाही निघतो. पण नोंदींवरून नकाशा काढायची रीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. आज तिचीच एक गोष्ट ऐकूया. गोष्ट लंडनची आहे, पण पाण्याची आहे, म्हणून आपल्याला परकी वाटणार नाही.

साल १८५४. ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. ६०० हून जास्त माणसं गेली. त्या काळी बहुतेक डॉक्टर म्हणायचे, घाणेरड्या हवेनं पटकी होते. डॉ. जॉन स्नो यांचा संशय मात्र पाण्यावर होता.

इंग्लंडमध्ये १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद होत होती. स्नो यांनी तिथून एका आठवड्यातल्या ८३ मृत्यूंची यादी घेतली आणि पत्ते पाहत ते घरोघर फिरले. ७३ मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हापशाच्या जवळपासचे निघाले. उरले १०. त्यातल्या ५ घरच्यांनी सांगितलं, आम्ही पाणी त्याच हापशाचं आणायचो. ३ मुलं त्या हापशाजवळच्या शाळेत जात होती.

जवळ राहूनही जे वाचले, त्यांचीही चौकशी झाली. तिथल्या गरिबांच्या आश्रयघरात ५३५ माणसं होती. पटकीनं ५ च गेली. त्यांची विहीर वेगळी होती. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा दगावली. तिला या हापशाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते गाडीतून मागवायची.

७ सप्टेंबरला स्नो यांनी हे सगळं स्थानिक मंडळापुढे मांडलं. दुसऱ्या दिवशी हापशाचा दांडा काढला. तोवर साथ ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे त्यांनी नकाशा छापला. ज्या घरात जितके मृत्यू, तिथे तितक्या काळ्या रेघा. यादीनं किती ते सांगितलं, नकाशानं कुठे ते दाखवलं.

तरी पाणी खराब कशानं झालं? हे शोधलं तिथल्या हेन्री व्हाइटहेड नावाच्या धर्मगुरूंनी. मृत्यूच्या नोंदी चाळताना त्यांना एका पाच महिन्यांच्या मुलीची नोंद दिसली. घर हापशाला लागूनच. आणि नोंदणाऱ्यानं लिहिलं होतं, मृत्यूच्या चार दिवस आधी जुलाब सुरू झाले. म्हणजे साथ भडकण्याच्याही आधी. बाळाच्या आईनं सांगितलं, दुपटी धुतलेलं पाणी घराच्या खड्ड्यात टाकलं होतं. खणून पाहिलं, तर खड्डा विहिरीकडे झिरपत होता. नोंदवहीतल्या त्या चार शब्दांनी साथीचं मूळ सापडलं.

संगणक आजही हेच करतो. ओळी मोजतो, गाव पाहून रंग भरतो. पण आपण कोरा ठेवलेला रकाना त्याला भरता येत नाही. थकबाकीचं गाव नकाशात लाल दिसतं. ते लाल का झालं, पाऊस गेला की आजारपण आलं, हे रंगात दिसत नाही. आणि रंग पाहूनच कुणी पुढच्या कर्जाचा निर्णय घेतला, तर त्या गावातल्या बायकांचं नुकसान होतं.

म्हणून हप्ता चुकला तर इतिवृत्तात कारणही लिहूया. आपल्या नोंदींचा अहवाल बैठकीत मोठ्यानं वाचून घेऊया. आणि जमलं तर अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढून तो अहवालाशी ताडून पाहूया. घरं, हापसे, विहिरी आपल्याला पाठ आहेत. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथेच विचारायचं: का?